नातालीनने नाव उसनं दिलं त्याची गोष्ट

एक होतं गाव. समुद्राच्या इतकं काठाला, की भरतीच्या वेळी चुलीवरची आमटी आपोआप खारट व्हायची. हसू नका, माझी आजी असंच सांगायची. गावाचं नाव काही तिनं मला सांगितलं नाही, म्हणून मीही तुम्हाला सांगत नाही.

तर त्या गावात एक जुनं चर्च होतं. भिंती एवढ्या जाड, की भर उन्हाळ्यात आत गेलं तरी अंगावर काटा यायचा. आत तीन कोनाडे होते आणि तीन कोनाड्यांत तीन संत. पहिली संत लुसी. तिच्या हातात ताटली आणि ताटलीत दोन डोळे. लाकडाचे गं, फ्लोरी, घाबरू नकोस. देवाचं नाव सोडत नाही म्हणून तिचे डोळे काढले होते, अशी तिची कथा सांगतात. दुसरा संत सेबास्तियन, त्याच्या अंगात बाण. आणि तिसरी संत आग्नेस, अगदी कोवळी पोर, पायाशी तिच्या कोकरू बसलेलं. ज्याची त्याची खूण ज्याच्या त्याच्याजवळ. खुणेवरून नाव कळायचं आणि नावावरून सणाचा दिवस कळायचा. गावात मूल जन्मलं की त्या दिवशी ज्या संताचा सण असेल त्याचंच नाव मुलाला ठेवायचे.

त्या गावात एक बाई राहायची. नाताळच्या दिवशी जन्मली म्हणून तिचं नाव नातालीन. तिचा नवरा पास्कू होडी घेऊन मासे मारायला जायचा. त्यांना एकच मुलगी, सात वर्षांची, आग्नेस. नातालीन चर्चची झाडलोट करायची, वेदीवरची कापडं धुवायची. बोलायला जरा फटकळ होती, पण मनाची मऊ.

एकदा काय झालं, नोव्हेंबर निम्मा सरला होता. ओहोटीला पास्कू चिखलात उतरला, तर त्याच्या पायाला काहीतरी लागलं. उकरून पाहतो तर लाकडाची मूर्ती. पुरुषभर उंचीची बाई. कुठल्या जहाजावरून पडली, किती वर्षं पाण्यात होती, देवालाच ठाऊक. समुद्रानं तिचा चेहरा चाटून चाटून गुळगुळीत केला होता. नाकाचा थोडा उंचवटा राहिला होता, बस. पायाखालच्या फळीवर नाव कोरलेलं असणार, तेही पुसलेलं. आणि हात असे पुढे, काहीतरी धरल्यासारखे. पण हातात काहीच नाही.

चौघांनी उचलून तिला चर्चमध्ये आणली. कुणी म्हणालं, ही संत बार्बरा. कुणी म्हणालं, नाही, ही संत सेसिलिया, हातात वाजवायचं काही असेल. चर्चचे फादर सिमांव म्हातारे होते आणि नियमाचे पक्के. ते म्हणाले, "नाव कळल्याशिवाय हिला कोनाडा कसा देऊ? सण कुठल्या दिवशी लावू? तपास करू. तोवर राहू दे बाजूला."

मग तिला घंटेच्या मनोऱ्याच्या जिन्याखाली ठेवली. अंधारात, झाडूंच्या शेजारी.

आणि तेव्हापासून, बरं का, त्या जिन्याखालची फरशी कधी सुकली नाही. नातालीन रोज पुसायची. रोज पुन्हा ओली. एकदा तिनं बोट लावून जिभेला लावलं. खारं पाणी.

मग आली तेरा डिसेंबर. संत लुसीचा सण. सगळे नवे कपडे घालून चर्चमध्ये आले. फादर कोनाड्यासमोर मेणबत्ती लावायला गेले आणि तिथंच थबकले. लुसीच्या हातात ताटली नव्हती. शोधाशोध झाली. कुणीतरी जिन्याखाली डोकावलं. ताटली होती त्या बिननावाच्या मूर्तीच्या हातात. आणि ताटलीतले ते दोन लाकडी डोळे दाराकडे लागले होते, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे.

लोकांना वाटलं, कुणीतरी टवाळकी केली. ताटली परत ठेवायला गेले, तर बोटं सुटेनात. लाकडाची बोटं, पण घट्ट मिटलेली. फादर म्हणाले, "राहू दे. सुताराला बोलावू." आणि मिस्सा, म्हणजे सणाची प्रार्थना, उरकली.

गावात एक म्हातारी सुईण होती, लुसीबाय. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. तिचा सण म्हणून ती मिस्सा संपल्यावर हसत हसत घरी गेली. सुनेनं दार उघडलं आणि विचारलं, "कोण पाहिजे, आजी?"

लुसीबाय म्हणाली, "अगं, कोण पाहिजे काय? मी..." आणि पुढचा शब्द तिला येईना. तोंड उघडावं, मिटावं. स्वतःचं नाव स्वतःला आठवेना. सुनेनं दार लावून घेतलं. मग ती शेजारणीकडे गेली. शेजारीण तिच्याकडे अशी बघत होती, जशी आपण रिकाम्या वाटेकडे बघतो. ज्या पोरांना तिनं जगात आणलं, ती पोरं तिला घसटून पुढे गेली. संध्याकाळपर्यंत कुणी तिच्याकडे मान वळवून पाहीना. उन्हात उभी राहिली तर सावली पडायची, पण फिकट, धुरासारखी.

नातालीनला ती दिसली चर्चच्या पायरीवर. आता नातालीनही तिला विसरली होती, बरं का. तिला फक्त एक भुकेली म्हातारी दिसली. तिनं पेज आणून दिली. पण घरी गेली की तिला त्या म्हातारीचा पूर्ण विसर पडायचा. म्हणून तिनं पदराला एक गाठ मारून ठेवली. गाठ हाताला लागली की आठवायचं, कुणाला तरी जेवायला द्यायचंय. कोण, ते नाही आठवायचं. नुसतं, कुणाला तरी.

असा एक महिना गेला. नाताळ झाला. नातालीनच्या मनाला मात्र ती गाठ टोचत होती. एक दिवस वेदीचं कापड बदलताना तिला शेजारच्या खोलीत बाप्तिस्म्याची जुनी वही उघडी दिसली. एक ओळ कोरी होती. आईबापांची नावं होती, तारीख होती, तेरा डिसेंबर. मुलीच्या नावाची जागा पांढरी. तिनं फादरना दाखवलं. फादर म्हणाले, "वाळवी लागली असेल." नातालीन म्हणाली, "फादर, वाळवी अक्षर खाते आणि कागद सोडते होय?" फादरांनी वही मिटली.

मग आली वीस जानेवारी. संत सेबास्तियनचा सण. हा गावातला मोठा सण. सकाळीच मिरवणूक निघाली. पुढे क्रूस, मागे बँडवाले. बँडमध्ये बस्त्याव नावाचा तरणाताठा मुलगा कर्णा वाजवायचा. सेबास्तियनच्या दिवशी जन्मला म्हणून बस्त्याव. पुढच्या रविवारी त्याचं लग्न होतं, गुणी नावाच्या मुलीशी. अंगणात मांडव घातलेला, वडे-सांदणांचं पीठ दळून ठेवलेलं.

मिरवणूक चर्चच्या दाराशी वळली आणि लोकांनी पाहिलं, सेबास्तियनच्या अंगात एकही बाण नाही. अंगावर नुसती भोकं. आणि जिन्याखाली त्या बाईच्या एका हातात ताटली, दुसऱ्या हातात बाणांची जुडी.

बँड वाजतच होता. पण कर्ण्याचा आवाज हळूहळू कुणाला ऐकू येईनासा झाला. बस्त्याव गाल फुगवून फुंकत होता, घामानं भिजला होता, आणि शेजारचा ढोलवाला त्याच्या अंगातून पलीकडे बघत होता. मग दुपारी गुणी आपल्या आईला म्हणाली, "आई, मांडव कुणाच्या लग्नाचा गं?" आई म्हणाली, "तुझ्याच." "पण माझं लग्न कुणाशी आहे?" आईनं आठवून पाहिलं. बापानं आठवून पाहिलं. मांडवात बसलेले सगळे एकमेकांकडे बघत राहिले. बस्त्याव तिथंच, खांबाला धरून उभा होता.

नातालीन घरी आली होती. दुपार कलली होती. आग्नेस अंगणात खेळत होती. नातालीननं तिला जेवायला हाक मारली. "आ..." आणि जीभ अडली. पुन्हा मारली. "आ..." पुढचं काही येईना. पोटच्या पोरीचं नाव! तिनं डोळे मिटले, दोन्ही मुठी आवळल्या, आणि खोल विहिरीतून बादली ओढावी तसं ते नाव वर ओढलं. "आग्नेस!"

पोर धावत आली. पण ऊन पडलेलं असताना तिची सावली फिकट होती.

तेव्हा नातालीनला सगळं लख्ख कळलं. पदराची गाठ, वहीतली कोरी ओळ, नवऱ्याशिवायचा मांडव. उद्या एकवीस जानेवारी. संत आग्नेसचा सण. आणि सण, बरं का, आदल्या संध्याकाळच्या घंटेपासूनच लागतो.

पास्कू समुद्रावर होता. तिनं पोरीला शेजारणीकडे बसवलं आणि धावत सुटली चर्चकडे.

आत कुणी नव्हतं. ऊन खिडकीतून तिरपं येत होतं. तिनं आधी तिसऱ्या कोनाड्याकडे पाहिलं. आग्नेसच्या पायाशी जे कोकरू वर्षानुवर्षं बसलेलं होतं, ते उठून उभं होतं. त्याचं तोंड जिन्याकडे वळलं होतं. एक पाय हवेत.

नातालीन थरथरली. पण ती फटकळ होती ना, तिचा राग भीतीच्या पुढे धावला. ती जिन्याखाली जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तू संत ना? मग संतासारखी वाग की! म्हाताऱ्या बाईचं नाव घेतलंस. नवऱ्या मुलाचं घेतलंस. आता माझ्या पोरीचं घेतेस?"

मूर्तीचं तोंड काही हललं नाही. तोंडच नव्हतं. पण आवाज आला, आणि तो आवाज होता लुसीबायचा. "मला कुणी हाकच मारत नाही गं."

नातालीन एक पाऊल मागे सरली.

"देवासाठी मी जीव दिला," तो आवाज म्हणाला. "कुठल्या गावात, कुणाच्या हातून, ते माझं मलाच राहिलं नाही. समुद्रानं सगळं पुसलं." मग आवाज बदलला. तो बस्त्यावचा झाला. "सण येतो, तेव्हा तुम्ही सगळे नाव घेता. त्या नावाला किती ऊब असते! मी थंडीत आहे. जिथं ऊब दिसते तिथं माझा हात जातो. मला आवरत नाही."

आता नातालीनचा राग थोडा ओसरला. उपाशी पोर दुसऱ्याच्या ताटात हात घालतं, तशी ही होती. वाईट नव्हती. पण तिच्या हातानं गाव रिकामं होत होतं.

नातालीन म्हणाली, "अगं, तुझा सण आहे की! पहिली नोव्हेंबर. सर्व संतांचा दिवस. ज्यांची नावं वहीत आहेत त्यांचा, आणि ज्यांची फक्त देवाला माहीत आहेत त्यांचासुद्धा."

"तो दिवस कधी?"

"तू यायच्या आधीच होऊन गेला. आता येईल पुढच्या नोव्हेंबरात."

फरशीवर पाणी वाढत होतं. नातालीनच्या घोट्यापर्यंत आलं, बर्फासारखं गार. मग मूर्ती म्हणाली, "तोवर मी काय म्हणून राहू?"

वर मनोऱ्यात कुणाची तरी पावलं वाजली. घंटा वाजवणारा जिना चढत होता. कोकराचा हवेतला पाय खाली टेकला, दुसरा उचलला.

नातालीन म्हणाली, "तोवर माझं घे. नातालीन. चांगलं नाव आहे, नाताळचं. पण उसनं हो! त्या दोघांची नावं आत्ता परत दे. माझ्या पोरीला शिवू नकोस. आणि तुझा सण झाला की माझं मला दे."

"आणि सण झाला नाही तर?"

ती म्हणाली, "तर मग... तुझंच."

घंटा वाजली. ठण्ण.

कोकरू बसलं. ताटली लुसीच्या हातात गेली, बाण सेबास्तियनच्या अंगात. जिन्याखालच्या लाकडी हातांत काही राहिलं नाही. आणि नातालीन... हो, आता मी तिला नातालीन म्हणते, कारण मला गोष्ट सांगायची आहे. पण त्या घटकेला तिचं नाव जगात कुणाच्याही जिभेवर नव्हतं. तिच्यासुद्धा नाही.

ती घरी गेली. पास्कू होडीवरून परतला होता, चुलीशी मासे भाजत होता. आग्नेस उंबऱ्यात बसली होती. नातालीन तिच्यासमोर उभी राहिली. पोरीनं मान वर केली, डोळे बारीक केले.

आतून पास्कू म्हणाला, "कोण आलंय गं?"

"कोण नाही, बाबा. वारा आहे."

आग्नेस उठली आणि तिनं दार लोटून घेतलं.

तिकडे लुसीबायच्या घरात सुनेनं सासूला मिठी मारली. रविवारी बस्त्यावचं लग्न वाजतगाजत झालं. लोकांना वाटलं, काही झालंच नव्हतं. पण ती दोघं त्या थंडीत राहून आली होती ना, त्यांना सगळं आठवत होतं. आणि त्या दोघांनाच नातालीन दिसायची. पहाटेच्या धुक्यात माणूस दिसतं तशी. लुसीबाय रोज तिच्यासाठी पेज घेऊन यायची आणि रडायची. "पोरी, मी तुला बघतेय. पण तुझं नाव माझ्या जिभेवर येत नाही गं."

नातालीन चर्च झाडायची. लोक म्हणायचे, हल्ली चर्च आपोआप स्वच्छ राहतं.

आणि एक वेगळीच गोष्ट घडली. गावातल्या सगळ्यांना एकदम सुचलं, की जिन्याखालची मूर्ती म्हणजे संत नातालीन! कुणी सांगितलं, कुणाला ठाऊक नाही. पण सगळे म्हणायला लागले. फादरनी तिला जिन्याखालून काढून उजेडात ठेवली. नव्या कोनाड्यासाठी भिंत फोडायला घेतली. तिच्यापुढे मेणबत्त्या लागल्या. फादर म्हणाले, हिचा सण नाताळच्या आठवड्यात करू. मग हळूहळू त्या गुळगुळीत चेहऱ्यावर नाक उमटलं. मग ओठ. मग हनुवटीवर तीळ. तो तीळ, पोरांनो, नातालीनचा होता.

आणि आग्नेस रोज शाळेतून येताना त्या मूर्तीपाशी थांबायची. तिच्या पायाशी फुलं ठेवायची. गालाला गाल लावायची. पास्कूला म्हणायची, "बाबा, ती मला बघून हसते." पास्कूला हल्ली रात्री जेवताना वाटायचं, घरात एक पाट जास्तीचा का आहे?

नातालीन हे सगळं खांबाआडून बघायची.

मे महिन्यात आग्नेसचा पहिला कम्युनियन होता, म्हणजे पहिल्यांदा प्रभूचा प्रसाद घ्यायचा विधी. पांढरा झगा, डोक्यावर पांढरी जाळी. नातालीनला राहवलं नाही. ती जाऊन पोरीच्या शेजारी उभी राहिली आणि तिनं जाळी नीट करायला हात लावला. पोर हुडहुडली. दात वाजायला लागले. "बाबा, इथं किती थंडी आहे!" मग पास्कूनं तिला उचलून दुसरीकडे नेलं. त्या दिवसापासून नातालीन लेकीच्या जवळ गेली नाही.

पावसाळा आला. सरी तिच्या अंगावर थांबेनाशा झाल्या, आरपार जायला लागल्या. लुसीबायलाही आता ती दिसायला वेळ लागायचा. बस्त्यावला तर नुसता झाडू हललेला दिसायचा. ऑक्टोबर उजाडला, आणि नातालीन पायरीवर बसलेली असायची तेव्हा तिच्या जागी चिमण्या उतरायच्या.

लुसीबाय घाबरली. उसनवारीची अट नातालीननं तिला मागेच सांगितली होती. ती तडक फादर सिमांवकडे गेली. म्हणाली, "फादर, पहिली नोव्हेंबर जवळ आली. त्या मूर्तीचा सण त्या दिवशी करा."

फादर म्हणाले, "बाय, तिला नाव आहे. नाव असलेल्यांना त्यांचा त्यांचा दिवस असतो."

"ते नाव तिचं नाही."

"मग कुणाचं?"

ते नाव कुणाचं, हे काही लुसीबायच्या जिभेवर येईना. तिनं विचार केला आणि म्हणाली, "तुमची बाप्तिस्म्याची वही काढा. पास्कूच्या पोरीची ओळ काढा."

फादरनी काढली. आग्नेस. बापाचं नाव पास्कू. आईचं नाव... कोरं. कागद स्वच्छ, पांढरा.

लुसीबाय म्हणाली, "ही पोर मी माझ्या हातानं काढलीय, फादर. कुणाच्या पोटातून काढली? तुम्ही सांगा."

फादरनी आठवायचा प्रयत्न केला. त्यांनीच पाणी घातलं होतं पोरीच्या डोक्यावर. आई समोर उभी असणारच. त्यांनी डोळे मिटले, तर त्यांना दिसलं कुणीतरी बाळ धरलेलं, आणि चेहऱ्याच्या जागी नुसतं ऊन. म्हाताऱ्या फादरांच्या हातातून वही पडली.

मग पहिली नोव्हेंबर आली. अख्खं गाव चर्चमध्ये जमलं. मूर्तीला फुलांच्या माळा घातल्या. आग्नेस सगळ्यांत पुढे मेणबत्ती धरून उभी होती. फादर लितानी म्हणायला लागले. लितानी म्हणजे एकेका संताचं नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी म्हणायचं, आमच्यासाठी विनंती कर. संत लुसी, आमच्यासाठी विनंती कर. संत सेबास्तियन, आमच्यासाठी विनंती कर. संत आग्नेस, आमच्यासाठी विनंती कर. नावं संपली. मग फादर मूर्तीकडे वळले. "आणि ज्यांची नावं आम्हांला ठाऊक नाहीत, देवाला ठाऊक आहेत, ते सर्व संतजन हो..."

लोक गोंधळले. कुजबुजले. संत नातालीन म्हणा की, फादर! आग्नेसनं पण मूर्तीकडे बघून म्हटलं, "संत नातालीन." आणि तिच्यामागे सगळे म्हणायला लागले. संत नातालीन, संत नातालीन.

दाराशी, सगळ्यांच्या मागे, नातालीन उभी होती. आता तिच्यातून बाहेरचं झाड दिसत होतं. पाहा बरं, त्या मूर्तीकडे आता काय नव्हतं? नाव होतं, चेहरा होता, मेणबत्त्या होत्या, आणि गालाला गाल लावणारी पोर होती. कोण परत देईल?

चर्चमध्ये एकदम गारवा पसरला. मेणबत्त्यांच्या ज्योती आडव्या झाल्या. आणि मूर्ती बोलली. आवाज नातालीनचा, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"मी नातालीन नाही."

लोक जागच्या जागी गुडघ्यांवर बसले.

"नातालीन तुमच्या मागे उभी आहे. दारापाशी. तिनं मला थंडीत आसरा दिला. आज माझा दिवस आहे. आज तिचं नाव तिला देते."

मूर्तीच्या हनुवटीवरचा तीळ गेला. ओठ गेले. नाक मिटलं. चेहरा पुन्हा समुद्रानं चाटलेल्या दगडासारखा गुळगुळीत झाला. आणि, बरं का, तसाच तो फार सुंदर दिसला. सगळे म्हणाले, त्याच्याकडे बघितलं की कसं शांत वाटतं.

मग सगळ्यांनी माना वळवल्या. दाराशी एक बाई उभी होती. हातात झाडू, पदर फाटलेला, गाल बसलेले. मागचं झाड आता तिच्यातून दिसत नव्हतं.

पास्कूच्या तोंडून निघालं, "नातालीन!" आणि तो मोठा मर्द माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला.

आग्नेस जागची हलली नाही. तिनं आईकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मी तुला वारा म्हटलं होतं."

नातालीन म्हणाली, "ये इकडे आधी. वेणी बघ कशी घातलीय तुझ्या बाबानं!"

मग पोर धावली. मेणबत्ती कुठे, फुलं कुठे. आईच्या कमरेला असा विळखा घातला, की दोघी खाली बसल्या. आणि यावेळी कुणाला थंडी वाजली नाही.

त्या दिवशी गावात मोठी जेवणं झाली. वडे, सांदणं, मटण. बस्त्यावनं कर्णा एवढा वाजवला, की फादरना कानावर हात धरावे लागले. गुणीला दिवस गेले होते, तिला लुसीबायनं दोन ताटं जास्तीची वाढली. मूर्तीला नवा कोनाडा मिळाला. नावाची पाटी लावली नाही, आणि दर वर्षी पहिल्या नोव्हेंबरला तिचा सण करायचं ठरलं. त्यानंतर गावात कुणाचं नाव हरवलं नाही.

नातालीन, पास्कू आणि आग्नेस सुखात राहिले. आग्नेस पुढे मोठी झाली, दूरच्या गावी नांदायला गेली, तिला मुलं झाली, नातवंडं झाली. पास्कू म्हातारपणी होडी विकून केळीची वाडी करायला लागला, आणि नातालीन त्याच्यावर शेवटपर्यंत ओरडत राहिली, की केळी वेळेवर उतरवत नाहीस म्हणून.

झाली गोष्ट. फ्लोरी, पाय आत घे, पांघरूण पुरेल सगळ्यांना. समुद्र वाजतोय तो वाजू दे, त्याला दुसरं काम नाही. चला, क्रूस काढा कपाळावर, आणि निजा बघू आता.